किती काळं आणि कशानं

टेललाइट काळे करायचे म्हटलं की बोलणं लगेच फिल्म की स्प्रे यावर येतं. फिल्म काढता येते, स्प्रे सफाईदार दिसतो, क्लिअरमध्ये, म्हणजे बिनरंगी वार्निशमध्ये, रंग मिसळून मारला तर दिवा कंपनीतूनच तसा आल्यासारखा वाटतो, अशी मतं पडतात. त्यातलं काही खोटं नाही. पण ही सगळी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. पहिला प्रश्न ‘किती काळं?’ हा. तो न सोडवता पद्धत निवडली की दिवा हवा त्यापेक्षा गडद होतो, आणि मग पद्धत कितीही चांगली असली तरी काम वाया जातं.

दिवा बंद असताना तो काळा का दिसतो, हे आधी पाहू. बाहेरचा उजेड टिंटमधून, म्हणजे त्या धुरकट थरातून, आत जातो, आतल्या चकचकीत परावर्तकावर आपटतो आणि त्याच टिंटमधून परत बाहेर येतो. म्हणजे टिंट त्याला दोनदा अडवतो. दिवा लागलेला असताना मात्र बल्बचा उजेड टिंटमधून एकदाच जातो. समजा टिंट ७० टक्के उजेड सोडतो. बंद दिव्यातून परत येणारा उजेड ७० चा ७० टक्के, म्हणजे ४९ टक्के, निम्माच. लागलेल्या दिव्याचा उजेड मात्र ३० टक्केच घटला. टिंट ५० टक्के केला तर बंद दिवा २५ वर येतो, ३५ केला तर जेमतेम १२ वर. दिसण्यातला काळेपणा असा वर्गाच्या हिशोबाने वाढतो आणि मागच्या गाडीला दिसणारा उजेड साध्या हिशोबाने घटतो.

यातून एक सोयीची गोष्ट निघते: शोभेचं बहुतेक काम हलका टिंटच करून टाकतो. ७० च्या आसपास दिवा बंद असताना स्पष्ट धुरकट दिसतो, लाल-पिवळ्या भागांमधला भडक फरक मावळतो. ५० च्या खाली गेल्यावर फारसं नवं काही हाती लागत नाही. कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःच समोरून पडणारा सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. आतला भाग आणखी काळा केला तरी वरची ती चमक तशीच राहते आणि डोळ्याला फरक जेमतेम कळतो. मागच्याला दिसणारा उजेड मात्र प्रत्येक पायरीला तेवढाच कापला जातो. माझ्या मते ६५ ते ७५ टक्के उजेड सोडणारा टिंट हीच या कामाची समंजस जागा आहे. त्यापुढचं सगळं बंद उभ्या गाडीच्या फोटोसाठी.

आता दिव्याच्या बाजूने. मागच्या दिव्यांना किमान तेज ठरवून दिलेलं असतं. अनेक देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या ७ क्रमांकाच्या नियमात (आता तो १४८ क्रमांकाच्या नियमात सामावला आहे) साध्या एकपातळी (एकाच तेजाने लागणाऱ्या) ब्रेक लाइटला समोरून किमान ६० कॅन्डेला (एका दिशेला जाणाऱ्या तेजाचं माप) आणि मागच्या पार्किंग दिव्याला ४ कॅन्डेला लागतात. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०८ या वाहनांच्या दिव्यांच्या नियमात एका कप्प्याच्या ब्रेक लाइटला ८०, तर मागच्या पार्किंग दिव्याला २. बनवणारा या किमान आकड्यांपेक्षा थोडं जास्तच तेज ठेवतो, पण किती जास्त ते दिव्यागणिक वेगळं. शिवाय नव्या दिव्याची ती शिल्लक वापरात खर्च होत जाते. बल्बची काच आतून काळवंडते, परावर्तकाचा मुलामा मंद पडतो, लेन्सवर बारीक ओरखडे येतात. दहा वर्षं जुन्या दिव्यावर ५० टक्क्यांचा टिंट चढवणं म्हणजे नसलेल्या शिलकीवर चेक फाडणं.

इथे एक बारकावा आहे. पार्किंग आणि ब्रेक एकाच लेन्समागे असले तर ब्रेकचं तेज पार्किंगच्या किमान पाचपट असावं लागतं. टिंट दोघांनाही सारखाच कापतो, त्यामुळे हे प्रमाण बिघडत नाही आणि रात्री ब्रेक दाबल्याचं मागच्याला नीट कळतं. म्हणूनच रात्री गॅरेजमध्ये पाहून ‘छान दिसतंय की’ असं वाटतं. बिघाड दिसतो भर दुपारी, ऊन थेट दिव्यावर पडलेलं असताना. तेव्हा ब्रेकला पार्किंग दिव्याशी स्पर्धा करायची नसते, उन्हाशी करायची असते. सगळ्यात आधी हरतो तो इंडिकेटर. मुळात त्याची किमान गरज ५० कॅन्डेलाच आहे, आणि धुरकट थरामागून त्याचा पिवळा मळकट होतो.

काही भाग कुठल्याही पद्धतीत उघडेच ठेवावेत. पहिला लाल रिफ्लेक्टर. तो काही गाड्यांत बंपरमध्ये असतो, तर काहींत टेललाइटच्याच खालच्या कोपऱ्यात, षट्कोनी जाळीसारख्या नक्षीचा. त्याला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड आत घेऊन तो परत पाठवतो, म्हणजे इथेही टिंट दोनदा आडवा येतो. ७० चा टिंट त्याला निम्मा करतो, ५० चा चौथ्या हिश्शावर आणतो. बंद पडलेली, वायरिंग गेलेली गाडी अंधारात रस्त्याकडेला उभी असेल तेव्हा तो एकटाच काम करत असतो. दुसरा, वरचा तिसरा ब्रेक लाइट. त्याची किमान गरज २५ कॅन्डेलाच आहे, त्यात कापायला जागा नाही. शिवाय खालचे दोन हलके मंद झाले असतील तर हा जसाच्या तसा असणं जास्तच गरजेचं. तिसरा, रिव्हर्सचा पांढरा दिवा. तो झाकला की रात्री मागचं आरशात दिसत नाही आणि रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र दाणेदार होतं. मागचा फॉगलाइट असेल तर तोही सोडा. १५० कॅन्डेलाची किमान मर्यादा त्याला उगाच दिलेली नाही.

टिंट चढवण्याआधी असलेला उजेड पूर्ण मिळतो का ते पाहावं. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १३.५ व्होल्टच्या जागी होल्डरवर १२.५ पोहोचत असतील तर उजेड जवळपास २३ टक्क्यांनी पडतो. म्हणजे टिंट न लावताच हलका टिंट लागलेला आहे! इंजिन चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडून खालचा रंग-गंज खरवडा, होल्डरचे पत्रे साफ करा आणि पुन्हा मोजा. बल्ब काळवंडलेले असतील तर दोन्ही बाजूंचे जोडीने बदला.

जास्त वॅटचा बल्ब घालून टिंटची भरपाई करायचा मोह आवरावा. ब्रेकचा नेहमीचा पी२१डब्ल्यू बल्ब २१ वॅटचा आणि सुमारे ४६० ल्यूमेनचा असतो. दिव्याचं प्लास्टिक, होल्डर आणि वायर तेवढ्याच उष्णतेच्या हिशोबाने केलेले असतात. सिग्नलला मिनिटभर ब्रेक दाबून धरला की जास्त वॅटचा बल्ब परावर्तक करपवतो. एलईडीचं दुखणं निराळं. परावर्तक बल्बच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवरून उजेड येईल असं धरून घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागी नसतात, त्यामुळे मध्ये झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार असं होतं. तरी घालायचेच असतील तर लाल लेन्समागे लाल एलईडी घाला. पांढऱ्या एलईडीत लाल रंगाचा वाटा कमी असतो आणि उरलेलं सगळं लेन्सच गिळते. इंडिकेटरला एलईडी लावला की कमी करंटमुळे गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि तो दुप्पट वेगाने मिचमिचायला लागतो, हेही ध्यानात ठेवा.

आता पद्धती. आणि त्याआधी ज्यावर काम करायचं ते प्लास्टिक. हेडलाइटची लेन्स पॉलिकार्बोनेटची असते, टेललाइटची बहुधा ॲक्रिलिकची. ॲक्रिलिक उन्हाला चांगलं टिकतं, पण तीव्र सॉल्व्हंट त्याला सोसत नाहीत. ॲसिटोन, लॅकर थिनर, टोल्युइन लागलं की पृष्ठभाग पांढुरका होतो किंवा आत बारीक चिरांचं जाळं पसरतं. साच्यातून निघतानाचा ताण स्क्रूच्या बुंध्यांपाशी आणि तीक्ष्ण कडांपाशी साठलेला असतो, चिरा तिथूनच सुरू होतात आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात. आधीच जाळं पडलेल्या लेन्सवर कुठलाच टिंट शोभत नाही; तिरप्या उन्हात प्रत्येक चीर चमकते.

फिल्मपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांनी तिथेच थांबावं असं मला वाटतं. खिडकीच्या काचेची फिल्म इथे चालत नाही. ती पॉलिएस्टरची असते, दोन दिशांना वळणाऱ्या पृष्ठभागावर ताणली जात नाही आणि बाहेरच्या माऱ्यासाठी बनवलेलीही नसते. दिव्यांसाठी मिळते ती पीव्हीसीची, सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची, किंवा टीपीयूची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची), ०.१५ ते ०.२ मिलिमीटरची. पीव्हीसीमध्ये ‘कास्ट’ (ओतून बनवलेल्या) प्रकारची घ्यावी. दुसरी, रुळांखालून दाबून काढलेली असते ती ताणल्यावर मूळ आकाराकडे परत ओढ घेते आणि महिन्याभरात कडा उचलते. टीपीयू जाड असल्याने खडे सोसते, बारीक ओरखडे उन्हाने भरून येतात. मात्र खोल वळणावर बसवायला हात बसलेला लागतो. ‘लाइट स्मोक’, ‘डार्क स्मोक’ ही नावं कुठल्या मापाला बांधलेली नसतात. एकाचा लाइट दुसऱ्याच्या डार्कइतका निघू शकतो. तुकडा मागवून मोजावा. मोजायची रीत पुढे येतेच.

दिवा गाडीवरून काढून घेतला तर निम्मं काम सोपं होतं. डिकीच्या आतून दोन-चार नट आणि एक कनेक्टर, बहुतेक गाड्यांत एवढंच असतं. साबणाच्या पाण्याने धुवा, चिकटलेलं डांबर आणि रस्त्यावरची काजळी क्ले-बारने (मातीसारख्या मऊ वडीने) काढा, मग पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा झटपट पुसा. भिजवत ठेवू नका. साध्या आकाराच्या दोन दिव्यांना ३० सेंटिमीटर रुंदीची एक मीटर पट्टी पुरते. पहिल्यांदा करणाऱ्याने दीड मीटर घ्यावी. दोन्ही दिव्यांचे तुकडे रोलच्या एकाच दिशेने कापा, आणि चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त ठेवा.

दोन बाटल्या तयार ठेवा. एकीत लिटरभर पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब. याने फिल्म सरकते. दुसरीत पाण्यात १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. याने ती पकडते. शॅम्पूत कंडिशनर असला तर गोंद कायमचा सुस्त होतो. लेन्स आणि फिल्मची गोंदाची बाजू दोन्ही शॅम्पूच्या पाण्याने सढळ भिजवा, फिल्म मध्यावर ठेवा आणि सपाट भागाच्या मधोमध एक पट्टा स्क्वीजीने (रबरी पट्टीने) दाबून पक्का करा. तो नांगर. तिथून बाहेरच्या बाजूला सरकत जायचं. वळणापाशी फिल्म हेअर ड्रायरने किंवा मंद हीट गनने ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा, ओढून बसवा, खाली दुसऱ्या बाटलीचा फवारा मारा आणि लगेच दाबा. सुरकुती आली तर पुढे रेटू नका. नांगरापर्यंत उचला, गरम करा, पुन्हा बसवा.

ताण जितका कमी तितकं बरं, १०-१५ टक्क्यांच्या आतच. याला दोन कारणं आहेत. ताणलेली फिल्म पातळ होते आणि त्या जागी टिंट उजळतो, मग कोपऱ्यावर फिकट डाग दिसतो. आणि ताणलेली फिल्म परत आखडू पाहते, त्यामुळे कडा तिथूनच सुटतात. ही ओढ विसरायला लावण्यासाठी शेवटी कडा पुन्हा तापवतात. पीव्हीसी फिल्मच्या माहितीपत्रकात ९० किंवा त्याहून जास्त अंश लिहिलेले असतात, पण ते पत्र्यासाठी. ॲक्रिलिक ९० ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. दिव्यावर ७५-८० च्या पुढे जाऊ नका, इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी ठेवा आणि हीट गन एका जागी थांबवू नका.

कापताना लेन्सवर ब्लेड टेकवू नये. त्या ओरखड्यातून पुढे चीर जाते, आणि फिल्म काढल्यावर तो कायमचा दिसतो. दिव्याच्या उजेड देणाऱ्या भागाबाहेर, मागच्या कडेवर कापा, किंवा आधी धागा असलेली कापायची टेप लावून धागा ओढून कापा. फिल्म कडेमागे ५-६ मिलिमीटर वळवली की टोक पाण्यापासून वाचतं. पण दिव्यामागे फोमची गॅस्केट असते, तिच्याखाली फिल्म जाऊ देऊ नका. तिथे एक घडी जरी आली तरी पाणी डिकीत उतरतं, आणि हा दोष पहिल्या पावसापर्यंत लपून राहतो. बसवल्यावर पाण्याचे धुरकट पट्टे दोन दिवसांपासून आठवडाभरात आटतात. तेवढे दिवस धुऊ नका. हवेचा किंवा धुळीचा फुगा मात्र आटत नाही. तो आहे तसाच राहणार.

स्प्रे म्हणजे पारदर्शक काळ्या रंगाचा डबा. हलका धूर जमवायचा तर हा फिल्मपेक्षा अवघड आहे, कारण इथे गडदपणा तुमच्या हाताच्या वेगावर ठरतो. प्रत्येक हात आधीच्या हाताला गुणतो. एक हात ८५ टक्के उजेड सोडत असेल तर दोन हात ७२, तीन ६१, चार ५२. बंद दिवा त्याच वेळी ७२ वरून ५२, मग ३८, मग २७ असा खाली येतो. तिसऱ्या हातानंतर ‘अजून एक मारू’ असं वाटतं ते ओल्या रंगाकडे पाहून. म्हणून आधी पारदर्शक ॲक्रिलिकच्या चार पट्ट्या घ्या, त्यांच्यावर अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार हात मारा, वाळू द्या, मोजा, आणि आकडा ठरवूनच दिव्याकडे या.

पृष्ठभाग ८०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी घालत एकसारखा मंद करा. चमकणारा एक ठिपका राहिला तरी रंग तिथून पापुद्र्यासारखा सुटेल. बंपरच्या पॉलिप्रॉपिलिनला लागणारा ॲडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) ॲक्रिलिकला लागत नाही, उलट त्यातले सॉल्व्हंट त्रास देतात. रिफ्लेक्टर आणि रिव्हर्सचा भाग मास्किंग टेपने झाका. दोन्ही दिवे शेजारी मांडून एकाच डब्याने, आळीपाळीने रंगवा. आज एक, उद्या एक केलं की ते सारखे होत नाहीत. २०-२५ सेंटिमीटर अंतर ठेवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या, आणि बटण दिव्याच्या बाहेर दाबून बाहेरच सोडा. पहिला हात इतका विरळ हवा की शंका यावी काही लागलं की नाही. त्या डब्यातलं सॉल्व्हंटसुद्धा ॲक्रिलिकला खातं, आणि पहिला ओला हात लेन्सवर जाळं पाडू शकतो. दोन हातांत १० ते १५ मिनिटं.

हवा दमट असेल तर थांबा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग दुधाळ होतो. काळ्या रंगात हा दुधाळपणा लांबून दिसत नाही, पण तो उजेड विखरतो आणि दिव्याचं समोरचं तेज टिंटच्या आकड्यापेक्षाही खाली जातं. टिंट स्प्रे वाळल्यावर मुळातच मंद, खरखरीत दिसतो, त्यालाही हेच लागू आहे. म्हणून वर क्लिअर लागतंच, नुसत्या शोभेसाठी नाही. डब्यावर वरचा थर मारायची वेळ दिलेली असते. ती चुकवून अर्धवट वाळलेल्या थरावर क्लिअर मारलं की सुरकुत्या उठतात. सिलिकॉन पॉलिश लागलेल्या फडक्याने पुसलं असेल तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यांच्यावर आणखी रंग ओतून ते भरत नाहीत. वाळवून, घासून, पुन्हा.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून पिकणाऱ्या, क्लिअरमध्ये काळा मिसळून गनने मारणं ही या कामातली सगळ्यात देखणी पद्धत, आणि चुकली तर सगळ्यात जड. दोन दिव्यांना तयार मिश्रण २०० मिली भरपूर होतं. क्लिअरमध्ये त्याच कंपनीचा काळा बेसकोट तयार मिश्रणाच्या ३ टक्के मिसळा, म्हणजे १५० मिलीला साडेचार मिली, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. आधी काळा क्लिअरमध्ये ढवळा, मग हार्डनर सांगितलेल्या प्रमाणात, मग गाळा. बेसकोटला स्वतःचा हार्डनर नसतो; तो वाढवत गेलात तर क्लिअर नीट पिकत नाही, मऊ राहतं. कार्बनचा काळा आरपार पाहिल्यावर जरा तपकिरी दिसतो, तो दोष नाही. निव्वळ डायचा पारदर्शक काळा जास्त स्वच्छ दिसतो, पण उन्हाने उतरतो. साध्या डायच्या फिल्म जुन्या झाल्यावर जांभळ्या पडतात ते याचमुळे.

१.३ मिलिमीटरची नोझल, एचव्हीएलपी (कमी दाबाने फवारणाऱ्या) गनला सुमारे २ बार हवा, दोन हात रंगीत मिश्रणाचे आणि त्यावर दोन हात बिनरंगी क्लिअरचे. हे वरचे बिनरंगी हात वगळू नका. पिकल्यावर १५००, २०००, ३००० च्या पेपरने घासून पॉलिश करताना पेपर रंगीत थरात शिरला की तिथे फिकट चट्टा पडतो, आणि तो झाकायला पुन्हा सगळं मारावं लागतं. हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची ॲलर्जी लावू शकतात. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि ओढून घेणारा पंखा असलेला बूथ नसेल, तर दिवे सोडवून रंगाच्या वर्कशॉपला द्यावेत. बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-के डबे मिळतात, त्यांनाही हेच लागू आहे; डबा छोटा आहे म्हणून आतलं रसायन बदलत नाही.

सोलून काढता येणारा रबरी रंग कागदावर आकर्षक आहे. त्यात अडचण अशी की तो सलग सोलला जायला जाड हवा, चार-पाच हात तरी, आणि धुरकट रंगाचे चार-पाच हात म्हणजे दिवा गेलाच. त्यामुळे आधी त्याच जातीचे बिनरंगी हात आणि वर एक-दोन धुरकट, असं करावं लागतं. संत्र्याच्या सालीसारखा पोत राहतो आणि पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. काही दिवस रंग आजमावून पाहायला ठीक, राहू द्यायला नाही.

तयार धुरकट ॲक्रिलिक कव्हर डबल टेपने चिकटवायची असतात. मूळ लेन्स आणि कव्हरमध्ये हवेची फट राहते. कव्हरच्या दोन्ही पृष्ठभागांवर सुमारे ४-४ टक्के उजेड परत जातो, म्हणजे रंगाव्यतिरिक्त ८ टक्के फुकटचं नुकसान. त्या फटीत धूळ आणि पाणी शिरतं ते वेगळंच. कव्हर पूर्ण दिवा झाकतात, रिफ्लेक्टरसकट. याहून जास्त बोलायला त्यात काही नाही.

खरा पर्याय दुसऱ्या टोकाला आहे: मुळातच धुरकट लेन्सचा बनवलेला, मंजुरीची खूण असलेला दिवा. गोलातला ई आणि क्रमांक, किंवा अमेरिकी बाजारात एसएई, डॉट या खुणा. त्या दिव्याचे परावर्तक आणि बल्ब त्या लेन्सचा हिशोब धरून ठरवलेले असतात आणि चाचणी धुरकट लेन्ससकट झालेली असते. उलट, साध्या दिव्यावर फिल्म किंवा रंग चढला की त्यावरची खूण त्या नव्या अवस्थेबद्दल काही सांगत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कायदाही तसंच मानतो. गाडी जिथे चालते तिथला नियम आधी वाचून घ्यावा. आणखी एक चतुर वाट म्हणजे लेन्सला हात न लावता दिव्याच्या आतली शोभेची चौकट काळी करायची, परावर्तक तसाच ठेवायचा. उजेड काहीच जात नाही आणि दिवा काळसर दिसतो. पण टेललाइटची लेन्स बहुधा वितळवून जोडलेली असते. हेडलाइटच्या ब्युटिल सीलसारखी ओव्हनमध्ये तापवून ती सुटत नाही, कापावी लागते, आणि कापलेला दिवा पुन्हा पाणीबंद करणं फार थोड्यांना जमतं.

मोजायला लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) हवा. नसेल तर फोनमधला चालतो, पण फक्त तुलनेसाठी. अंधाऱ्या जागेत, इंजिन चालू ठेवून, दिव्याच्या उंचीवर बरोबर ३ मीटरवर तो धरा. टिंटआधी आणि नंतर त्याच जागेवर, त्याच दिव्याचं माप घ्या. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागलं की तुमचा खरा टक्का मिळतो. चांगल्या मीटरवर अंदाज घ्यायचा असेल तर तेज म्हणजे लक्स गुणिले अंतराचा वर्ग: ३ मीटरवर ६० कॅन्डेला सुमारे ६.७ लक्स दाखवेल, ८० कॅन्डेला ८.९. लाल उजेडाला फोनचा सेन्सर भरवशाचा नसतो, त्यामुळे त्यावरचे आकडे नियमाशी ताडून पाहू नका. नंतर ४५ अंश बाजूला सरकूनही माप घ्या. तिरपा उजेड थरातून जास्त लांब जातो, त्यामुळे ५० चा टिंट तिथे साधारण ४५-४६ होतो, आणि वळणावर स्प्रे जाड बसला असेल तर त्याहून कमी. शेजारच्या लेनमधला चालक दिवा तिथूनच पाहतो. शेवटी भर दुपारी, ऊन थेट मागून पडत असताना, ५० पावलांवरून इंडिकेटर पाहा. लागला की नाही हे ठरवायला क्षणभर थांबावं लागलं तर टिंट जास्त आहे.

काढायची वेळ आली की पद्धतींमधला खरा फरक उघडा पडतो. फिल्म कोमट करा, तिच्या स्वतःवर दुमडून सावकाश ओढा; उरलेला गोंद हलक्या नॅफ्थाने (पेट्रोलजातीच्या सौम्य सॉल्व्हंटने) निघतो आणि ॲक्रिलिक ते सोसतं. स्प्रे आणि टू-के यांना विरघळवणारं जे काही आहे ते लेन्सलाही विरघळवतं, म्हणून ते फक्त घासूनच निघतात: ८०० पासून ३००० पर्यंत, मग कंपाउंड, प्रत्येक दिव्याला तास-दोन तास, आणि कोपऱ्यांमध्ये थोडा काळा उरतोच. त्यामुळे ज्यांना रंगच मारायचा आहे त्यांनी मोडीतून त्याच मॉडेलची दुसरी जोडी आणावी, चिरा आणि पाण्याचे डाग तपासून. रंग तिच्यावर मारावा. मूळ जोडी होल्डर काढून, कोरडी पुसून, कापडात गुंडाळून, लेन्स वर राहील अशी खोक्यात ठेवावी, आणि गॅस्केट नव्या घेऊन खोक्यात सोबत टाकाव्यात. जुन्या दबलेल्या असतात, आणि दिवे परत बसवताना पाणी त्यांच्यामुळेच आत येतं.